काळी पाच

"तिला उघडू नका," शमुवेलकाका म्हणाले. "तिला सवय नाही."

ती म्हणजे पायपेटी. बेलपिंपरीच्या चर्चमधून टेम्पोत बसून, दोन गोधड्या आणि एक सतरंजी पांघरून त्याच सकाळी ती पुण्यात आमच्या स्टुडिओत उतरली होती. काका तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभे होते, भरलेल्या एसटीच्या दारात कंडक्टर उभा राहतो तसे. त्यात नवल नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते एसटीत कंडक्टरच होते. पेटी त्यांची फक्त रविवारची.

"काका, पायपट्ट्या करकरतायत," मी म्हणाले. "सगळं माइकमध्ये येतंय. नुसतं तेल घालते."

"तेल खालून घाला. वरची फळी काढायची नाही."

"का?"

"धूळ उडेल."

"मग बरंच की. साफ होईल."

"मॅडम, या पेटीत इंग्रजांच्या काळातली धूळ आहे. त्या धुळीनंच ती धरून ठेवलीय."

शेवटी जयंत पेठे यांनी त्यांना खांद्याला धरून चहाला नेलं. जाताना काका दोनदा मागे वळून पाहत होते, मूल पाळणाघरात सोडल्यासारखे.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पेठ्यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सहायक म्हणून लागले होते. हुद्दा मोठा वाटत असला तरी काम वायरी गुंडाळण्याचं होतं. पेठे साठीकडे झुकलेले, जाहिरातींची जिंगल्स करून कंटाळलेले आणि एका गोष्टीनं पूर्ण झपाटलेले होते: सोल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून बाहेर पडून जगभर गेलेलं ते गाणं. त्यांच्याकडे त्या तबकड्यांचं एक अख्खं कपाट होतं आणि ते उघडलं की दोन तास मिटत नसे.

तर हे पेठे एका मित्राच्या आईच्या दफनविधीला बेलपिंपरीला गेले. तिथे कबरीपाशी एका बाईंना गाताना त्यांनी ऐकलं आणि शोक करायचं सोडून ते त्या बाईंचा फोन नंबर शोधत फिरले. एस्तेर अमोलिक. मिशनच्या दवाखान्यात स्टाफ नर्स, वय एकेचाळीस, माइकसमोर कधीही न उभ्या राहिलेल्या. पेठ्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की हा मराठीतला पहिला सोल अल्बम होणार.

"सोल म्हणजे काय ते मला ठाऊक नाही," एस्तेरताई मला सकाळी म्हणाल्या होत्या. त्या सुती साडीत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, बसस्टँडवर बसतात तशा. "पण साहेब म्हणाले अल्बम, मी लगेच हो म्हणाले. रजा टाकली. सगळ्या वॉर्डाला सांगून आले. पेशंटसुद्धा हात हलवत होते."

"घाबरलात का?"

"घाबरायचं काय? मी काय कमी गायलेय? पण कसं आहे बघ बाळा, रविवार सोडला तर माझं गाणं म्हणजे कुणीतरी गेलं की बोलावणं. जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांनी मला जास्त ऐकलंय. एकदा जिवंत माणसांनी घरी बसून ऐकावं, एवढंच. कुणी मरायची वाट न बघता."

पेठ्यांना त्यांच्या गाण्यात नेमकं काय सापडलं होतं, ते पहिल्या रेकॉर्डिंगला माझ्याही लक्षात आलं. गीत बेलपिंपरीतच कुणीतरी रचलेलं, साधं होतं: "कडी नाही दाराला, तू ये". त्यातल्या "ये"वर चाल चढायची. ताई त्या सुराच्या खालून यायच्या, त्याच्या अगदी जवळ जाऊन रेलायच्या आणि त्याला न शिवता घरंगळत खाली उतरायच्या. उंबऱ्यापर्यंत येऊन कुणी परत फिरावं तसं. आणि हे एकाच गीतात नव्हतं. काका सगळी गीतं एकाच पट्टीत वाजवायचे आणि प्रत्येक गीत कधी ना कधी त्याच सुराशी पोचायचं.

"ऐकलंस?" काचेच्या अलीकडे पेठ्यांनी माझं मनगट पकडलं होतं. "सूर मुद्दाम चुकवते. हे शिकवून येत नाही, ऋजुता. ही पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना आहे. माणूस जिथे पोचू शकत नाही, ती जागा ती दाखवते."

अल्बमच्या वेष्टनावरचा मजकूर त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. त्यात "वेदना" हा शब्द बऱ्याचदा होता.

तर, सगळे चहाला गेले आणि मी पेटीजवळ पालथी पडून पायपट्ट्यांना तेल घातलं. काम संपलं. मी उठायला हवं होतं. पण पायपेटी आतून कशी असते ते मी कधी पाहिलं नव्हतं आणि फळीला दोनच स्क्रू होते.

धूळ खरोखरच इंग्रजांच्या काळातली असावी. तिच्याखाली पितळी पट्ट्यांची ओळ होती. हवा आली की ज्या थरथरतात त्या या पट्ट्या. पेटीवाले त्यांनाच सूर म्हणतात. एका पायानं हवा भरत मी एकेक पट्टी वाजवून पाहिली. सगळे सूर बोलले. एक मुका होता: काळी पाच, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा. मी टॉर्च मारला. तिच्या पितळी पट्टीखालच्या फटीत लाल कापडाचा एक बोळा घट्ट बसला होता. मी तो चिमट्यानं ओढला, पट्टीवरून मऊ ब्रश फिरवला आणि पुन्हा वाजवून पाहिलं. काळी पाच अशी खणखणीत बोलली की मीच दचकले.

मला फार बरं वाटलं. बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकून मी फळी लावली.

चहा पिऊन मंडळी परत आली. काका पेटीवर बसले, पायपट्ट्या करकरल्या नाहीत, पेठ्यांनी काचेतून अंगठा दाखवला. ताईंनी डोळे मिटले. "कडी नाही दाराला, तू" इथपर्यंत सगळं सकाळसारखं झालं. मग "ये" आला, काकांच्या करंगळीशेजारच्या बोटाखालून काळी पाच खणखणली आणि त्याच वेळी ताईंचा आवाज तिच्याजवळ जाऊन रेलला.

दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की आवाज हेलकावतो, वाँव वाँव असा. पाठ्यपुस्तकात त्याची सुंदर आकृती असते. प्रत्यक्षात ते दात दुखल्यासारखं ऐकू येतं.

ताई थांबल्या. काकाही थांबले, पण त्यांचं बोट पट्टीवरच राहिलं आणि ते त्या बोटाकडे असे पाहायला लागले जणू ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

"काय झालं?" पेठ्यांनी आतल्या स्पीकरवरून विचारलं.

"काही नाही साहेब," ताई म्हणाल्या. "घसा बसला असेल. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा वाँव वाँव. दुसरं गीत घेतलं, तिसरं घेतलं. प्रत्येक गीत त्या जागी गेलं की ताई ठेचकाळल्यासारख्या व्हायच्या. नंतर तर त्या जागेच्या दोन शब्द आधीपासूनच आवाज बारीक व्हायला लागला. पेठ्यांनी गरम पाणी मागवलं, ज्येष्ठमध मागवलं, दिवे मंद केले, एकदा तर स्वतः आत जाऊन म्हणाले, "ताई, त्या वेदनेचा विचार करा."

"कुठल्या?"

"म्हणजे... जी काही आहे ती."

"गुडघा दुखतो कधीमधी," ताई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

मी मध्येच म्हणाले, "काका, ती काळी पाच आता नीट वाजतेय ना? आत काहीतरी अडकलं होतं, मी काढलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आधी फक्त परीक्षा सुरू झाल्यावर विषय चुकीचा वाचलाय हे कळलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

"बरं केलंत," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"म्हणजे पेटी आता बरोबर वाजतेय?" ताईंनी विचारलं.

"हो, एकदम," मी उत्साहानं म्हणाले आणि त्यांना काचेच्या अलीकडे बोलावून संगणकाच्या पडद्यावर आलेख दाखवला. "ही सरळ रेघ पेटीची. आणि ही तुमच्या आवाजाची."

ताई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. पेशंटचा रिपोर्ट पाहतात तशा.

"मी हिच्या खाली आहे."

"हो, म्हणजे थोडंसंच..."

"दर वेळी?"

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला खोटं बोलायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांना उत्तर मिळालं.

त्या पुन्हा आत गेल्या, पर्स उचलली, चपला घातल्या. "पेठे साहेब," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पेटी दुरुस्त झाली आणि मी बिघडले. म्हणजे मी आधीपासूनच बिघडलेली असणार. माणसं मेलेली असायची, कोण कशाला बोलेल? तुमचा वेळ घेतला. टेम्पोवाल्याला फोन करा."

"ताई, अहो एवढ्याशा..."

"साहेब, चुकीचं इंजेक्शन एवढंसंच असतं. मी चुकीचं गाणं लोकांच्या घरात देणार नाही. अल्बम होणार नाही."

पेठे माझ्याकडे पाहायला लागले. मी काकांकडे. काका पेटीवर बसून गोधडीची घडी घालत होते. ती उलगडली, पुन्हा घातली. आणि त्या घडीकडे बघता बघता मला तो लाल बोळा आठवला. तो नुसता बोळा नव्हता. ओढताना मी पाहिलं होतं: कापड चौकोनी कापलेलं होतं आणि त्याच्या दोन घड्या घातलेल्या होत्या. एका कडेला टीपही होती.

"काका," मी म्हणाले, "मला वाटलं ते उंदराचं काम आहे. पण उंदीर घडी घालत नाहीत."

काकांच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"कसली घडी?" ताईंनी विचारलं.

"पेटीत एक कापड होतं. लाल, फलालीनचं. काळी पाचच्या पट्टीखाली मुद्दाम खोचलेलं. म्हणून ती वाजत नव्हती."

"ती पट्टी कधीच वाजत नाही," ताई म्हणाल्या. "लहानपणापासून मुकी आहे. चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे." मग त्या काकांकडे वळल्या. "काका?"

"टोपरं होतं," काका म्हणाले.

"काय?"

"आमच्या विल्सनचं. बाळंतपणात शिवलेलं लाल टोपरं. त्याचा कान कापला. तुझ्या काकूनं आठवडाभर शोधलं, अजून तिला वाटतंय शेळीनं खाल्लं."

ताईंनी पर्स खाली ठेवली. "काका, बसा."

"बसलोच आहे."

"नीट बसा."

काका नीट बसले.

"त्या वर्षी नाताळला बिशप यायचे होते," ते गोधडीशी बोलल्यासारखे बोलू लागले. "तुला एकटीला गायचं होतं. अकरा वर्षांची होतीस. ही काळी पाच काही केल्या तुला लागेना. तू रोज शाळा सुटली की यायचीस, पेटीला चिकटून उभी राहायचीस, आणि पुन्हा खाली."

"किती खाली?"

काकांनी माझ्याकडे मदतीच्या आशेनं पाहिलं. मी मान फिरवली.

"पुण्याचं तिकीट काढून अलीकडे शिक्रापूरलाच उतरायचीस," ते म्हणाले. "पाळकसाहेब म्हणाले, उद्यापर्यंत जमलं नाही तर माझी भाची गाईल. ती पलीकडे तयारच उभी होती, फीत लावून."

"सरोज?"

"सरोज. तिला सूर घड्याळासारखा लागायचा. ऐकून झोप यायची."

पेठे हसले आणि ताईंचा चेहरा पाहून खोकले.

"मी नुकताच पेटीवर बसायला लागलो होतो," काका म्हणाले. "सगळे चांदणी टांगायला वर चढले होते. मी फळी काढली आणि कापड खोचलं. म्हटलं, सूर वाजलाच नाही तर पोरगी खाली लागली हे कळणार कुणाला? एका नाताळापुरतं. पुढच्या रविवारी काढून टाकायचं."

"मग काढलं का नाही?"

"काढायलाच गेलो होतो. फळी हातात होती. तेवढ्यात पाळकसाहेब आले, डोळे पुसत. म्हणाले, शमुवेल, त्या पोरीनं काल त्या जागी जे केलं ना, ते मला एवढ्या वर्षांच्या प्रवचनात जमलं नाही. पेटी गप्प झाली आणि ती एकटी पोर त्या भोकाच्या कडेनं चालत गेली." काकांनी गोधडी सोडली. "मी फळी लावून टाकली."

पेठे हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे ती जागा," ते म्हणाले, "ती वेदना..."

"टोपरं," काका म्हणाले.

"मी वेष्टनावर काय लिहू आता?"

"फलालीन लिहा," ताई म्हणाल्या.

हे त्या हसून म्हणाल्या असं मला क्षणभर वाटलं. पण त्या हसत नव्हत्या.

"तीस वर्षं," त्या काकांना म्हणाल्या. "तीस वर्षं अख्खी मंडळी म्हणतेय एस्तेरच्या गळ्यात देवाचं देणं आहे. मीपण म्हणतेय. प्रार्थनेत उपकार मानतेय! आणि तुम्ही समोर पेटीवर बसून आमेन म्हणताय!"

"देणं देवाचंच आहे, पोरी. चिंधी फक्त माझी."

"मला सांगायचं होतं. अकराव्या वर्षी नाही तर विसाव्या. लग्नात. कधीतरी."

"काय सांगायचं? प्रवासी खूश होते. गाडी वेळेवर पोचत होती."

"पण शिक्रापूरला!"



या मधल्या काळात पेठ्यांनी कचऱ्याचा डबा जमिनीवर उलटा केला होता. कागदी कप, वायरींची सालं, ज्येष्ठमधाच्या चघळलेल्या काड्या यांच्यात गुडघ्यांवर बसून त्यांनी कापड शोधून काढलं, पण हातात घेताच त्याचा लाल भुगा झाला. त्यांनी एका माइकची फोमची टोपी काढली आणि कात्री मागितली. "घडी किती होती, ऋजुता? दोन ना? नेमकं सांग, आपण पुन्हा तसंच खोचू. अर्ध्या तासात पूर्ववत."

"नाही," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, तेवढ्यानं अल्बम वाचेल."

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारा."

पेठे गुडघ्यांवरच होते. "बरं. विचारतो. काय करायचं?"

ताईंनी चपला काढल्या. पेटीला अगदी चिकटून, अकरा वर्षांच्या मुलीनं उभं राहावं तशा त्या उभ्या राहिल्या. "काका, वाजवा."

"कोणतं गीत?"

"गीत नाही. काळी पाच. नुसती."

काकांनी वाजवली. ताईंनी "ये" म्हटलं. वाँव वाँव.

"आणि मुली, तो तुझा टीव्ही तिकडे फिरव," त्या मला म्हणाल्या. मी पडदा माझ्याकडे वळवला.

पुढचा वेळ आम्ही दुसरं काही ऐकलं नाही. एक सूर, त्याखाली एक आवाज, आणि त्यांच्यामधला तो हेलकावा. ताई खालून आल्या, वरून आल्या, डोळे मिटून, डोळे उघडून, एकदा रागानं, एकदा काकांच्या खांद्याला धरून. हेलकावा जलद असला की दोघं लांब आहेत, संथ होत गेला की जवळ येतायत, हे मी वर्गात शिकले होते. तिथे असं कुणी सांगितलं नव्हतं की तो संथ व्हायला लागला की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. वाँव, वाँव... वाँऽऽव... आणि पुन्हा जलद.

"राहू दे, एस्तेर," काका म्हणाले. त्यांचे पाय दमले होते.

"पाय थांबवायचे नाहीत."

मग एकदा हेलकावा संथ झाला, आणखी संथ झाला, आणि नाहीसा झाला. खोलीत एकच सूर होता. तो पेटीचा की ताईंचा हे सांगता येत नव्हतं. पडद्यावर मला दोन रेघा शोधूनही सापडल्या नाहीत.

श्वास संपेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "असा असतो होय."

"असा असतो," काका म्हणाले.

त्यांनी खात्रीसाठी आणखी एकदा लावून पाहिला, पाणी प्याल्या आणि पदर खोचला. "चला साहेब. घ्या रेकॉर्डिंग. मी माझ्या पद्धतीनंच गाणार, सकाळसारखं. काका, तिथे आलं की काळी पाच वाजवायची नाही."

"म्हणजे?" पेठे पुरते गोंधळले होते. "आता तर लागतोय ना?"

"लागतोय म्हणूनच. सकाळपर्यंत मला माहीत नव्हतं तिथे काय आहे, म्हणून मी बाजूनं जात होते. आता माहीत आहे. आता मी पाहिजे तर जाईन, नाहीतर नाही."

पेठ्यांनी हे लगेच कुठेतरी लिहून घेतलं.

पण एक अडचण होती, आणि ती काकांच्या उजव्या हाताला होती. पट्टी मुकी होती तरी चालीप्रमाणे त्यांचं बोट तीस वर्षं तिच्यावर नेमानं पडत आलं होतं. आता ते थांबेना. पहिल्या वेळी काळी पाच खणखणली. "माफ करा," काका म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर पेटीच बंद पडली. तिसऱ्या वेळी ते बोटाकडे डोळे वटारून वाजवत होते, बोट हवेत थांबलं, पेठ्यांनी सुस्कारा सोडला आणि बोट पडलं.

"बोट ऐकत नाही," काका रडकुंडीला आले. "त्याला वाटतंय थांबा आला."

ताईंनी पर्स उघडली. त्यातून गॉजपट्टी निघाली, चिकटपट्टी निघाली. "पेन्सिल आहे का गं?" मी दिली. त्यांनी ती मधोमध मोडली, काकांचं ते बोट सरळ केलं, अर्ध्या पेन्सिलीचा आधार दिला आणि हाड मोडल्यावर करतात तसं बँडेज बांधायला घेतलं.

"जास्त घट्ट होतंय," काका म्हणाले.

"व्हायलाच पाहिजे."

"बाकीची गाणी कशी वाजवू?"

"बाकीच्या बोटांनी. हलवायचं नाही. हललं तर इंजेक्शन."

ठणठणीत बोटाला इतकं नीटनेटकं बँडेज मी पुन्हा कधी पाहिलं नाही. काकांनी ते उजेडात धरून पाहिलं, मग पेटीवर हात ठेवले. ते बोट छताकडे रोखलेलं राहिलं, काहीतरी बजावून सांगत असल्यासारखं.

पेठ्यांनी खूण केली. लाल दिवा लागला.

"कडी नाही दाराला, तू ये." पेटी त्या जागी गप्प झाली. ताई खालून आल्या, रेलल्या, घरंगळल्या. सकाळसारखंच होतं सगळं, आणि तरी सकाळी त्यात जी चाचपड होती ती आता नव्हती. उंबऱ्यापर्यंत येऊन आत कोण आहे ते पाहून, हसून परत फिरल्यासारखं होतं. दुसरं कडवंही तसंच गेलं. पेठ्यांनी माझं मनगट धरलं नाही, काही समजावून सांगितलं नाही. ते नुसते ऐकत होते.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी पेटी पुन्हा गप्प झाली. बँडेजमधलं बोट थरथरलं, पण पडलं नाही. आणि ताई या वेळी रेलल्या नाहीत. खाली काही आधार नसताना त्या सरळ त्या सुरावर गेल्या आणि उभ्या राहिल्या. पडद्यावर एकच रेघ होती, सरळ, जिथे हवी तिथे.

"लागला!" शमुवेलकाका ओरडले. "लागला की गं!"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ओळ पूर्ण केली, काकांनी भानावर येऊन शेवटचे सूर धरले आणि हवा संपेपर्यंत ते वाजत राहिले.

लाल दिवा विझला. पेठ्यांनी कपाळावर हात मारला. "काका! अहो, असं गाणं पुन्हा होणार नाही आणि तुम्ही मध्ये..."

"तोंडातून निघून गेलं," काका म्हणाले. ते रुमाल शोधत होते.

"काढता येईल," मी घाईनं म्हणाले. "माइक वेगळे आहेत. थोडं काम आहे, पण काकांचा आवाज जवळजवळ पूर्ण काढता येईल."

"काढायचा नाही," ताई म्हणाल्या.

"ताई, हा अल्बम आहे. लोक घरी बसून ऐकणार. मध्येच कुणीतरी ओरडतं, हे त्यांना काय कळणार?"

"त्यांना नाही कळलं तरी चालेल. ते मला अकराव्या वर्षी ऐकायचं होतं. उशिरा आलंय, पण आलंय. राहू दे तिथे."

ते तिथेच राहिलं. अल्बम निघाला, आणि पहिल्याच गाण्याच्या शेवटी काकांचा तो आवाज आजही ऐकू येतो. पेठ्यांना त्याबद्दल बरीच पत्रं आली. एका जाणकारानं लिहिलं की श्रोत्याची उत्स्फूर्त दाद ध्वनिमुद्रणात मिसळण्याचा हा प्रयोग धाडसी आहे. वेष्टनावरच्या मजकुरात वेदना हा शब्द एकदाही नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी काकांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि सगळं मिटलं असं समजून उजवा हात ताईंपुढे केला.

"सोड आता हे," ते म्हणाले. "मुंग्या आल्यात."

ताईंनी बोट हातात घेतलं, उजेडाकडे वळवून पाहिलं आणि चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबून पुन्हा घट्ट बसवलं.

"अजून सात गाणी आहेत," त्या म्हणाल्या.